तीन दिवसांचा शेजारी

लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीत खोटं बोलायला कुणाला फार कष्ट पडत नाहीत. भिंतीभिंतीवर फलक, फलकाफलकावर हसरी पोरं, आणि एकच पोरगं तीन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवरून तितकंच गोड हसताना दिसतं. अशा गल्लीत मेस चालवणारी बेगमबी एक खोटं बोलली, तर तिला कोण बोल लावणार? आणि खोटं तरी केवढं! मुलगा नबील नौदलात डॉक्टर आहे, असं ती सांगायची. तो नौदलात होता हे सोळा आणे खरं. फक्त तो जहाजावर कुक होता.

मेस दोघींची होती, बेगमबीची आणि सिद्धम्माची. दोघी मूळच्या औशाकडच्या एकाच गावच्या. भूकंपात दोघींची घरं एका पहाटेत गेली, मग पत्र्याच्या शेडमधे त्या शेजारणी झाल्या, आणि पोट भरायला लातुरात आल्या त्याही एकत्रच. मेस शाकाहारी. भाजी-आमटी बेगमबीची, भाकरी सिद्धम्माची. मागच्या अंगणात लाकडाची चूल होती आणि तिच्यावरच्या भाकरीसाठी ऐंशी पोरं-पोरी दोन वेळा रांग लावायची. बिलोली, मुदखेड, मुरुड, कुठून कुठून आलेली. सगळ्यांना डॉक्टरच व्हायचं होतं. त्यांना सोडायला आलेले आईबाप दारातच विचारत, ‘‘तुमचा मुलगा काय करतो?’’ आणि बेगमबीच्या तोंडून ते उत्तर निघून जाई. बावीस वर्षं तिनं लोकांची लेकरं जेवू घालून डॉक्टर केली होती. तिचं स्वतःचं लेकरू दोनदा परीक्षेला बसलं, दोनदा आपटलं, आणि एक दिवस न सांगता नौदलाच्या भरतीला जाऊन कुक होऊन आलं. वर म्हणालं, ‘‘अम्मी, मला तेच येतं.’’ ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

दोन वर्षांपूर्वी नबील रजेवर आला, तेव्हा बिलोलीची अंबिका अकरावीला होती. पोरगी चुणचुणीत. ताटावरूनच तिनं विचारलं, ‘‘दादा, नेव्हीत डॉक्टर व्हायचं तर आधी एमबीबीएस करायचं, का तिकडंच शिकवतेत?’’ नबीलनं आईकडे पाहिलं. बेगमबी आमटीत पळी फिरवत राहिली. आमटीला तेव्हा पळीची काहीएक गरज नव्हती. ‘‘अम्मीला विचार,’’ एवढं बोलून तो उठला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. दारात म्हणाला, ‘‘येईन घरी. पण कुक म्हणून येईन. कबूल असंल तवा सांग.’’

तेव्हापासून तो आला नव्हता. फोन यायचे. तब्येत विचारायचा, ईद मुबारक म्हणायचा. घरी यायचा विषय निघाला की दोघांपैकी कुणीतरी फोन ठेवून द्यायचं. सिद्धम्मा रोज एकदा तरी सुनवायची, ‘‘अय्यो, पोरगं चोरी करतंय का गं? स्वयंपाक करतंय! तू बी तेच करतीस की जलमभर.’’ बेगमबी म्हणायची, ‘‘म्हणून तर.’’ त्यावर सिद्धम्मा भाकरी जरा जोरात थापायची.

मग २०१९ च्या मार्चमधे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोझांबिक नावाच्या देशात, मोठं चक्रीवादळ आलं. समुद्र शहरात शिरला, नद्या शेतांवर चढल्या. आपल्या नौदलाची काही जहाजं त्याच समुद्रात होती, ती मदतीला वळली. बातम्यांत दोन ओळी आल्या आणि गेल्या. लातूरच्या गल्लीत बारावीच्या परीक्षेचे दिवस. तिथं आफ्रिका बुडाली काय आणि तरली काय! पण बेगमबीनं त्या दोन ओळी ऐकल्या, कारण नबीलचं जहाज त्या बाजूला आहे एवढं तिला ठाऊक होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी, पोरं जेवून गेल्यावर, भलत्याच आकड्यांचा फोन आला. जहाजावरच्या साहेबांनी प्रत्येकाला घरी बोलायला पाच-पाच मिनिटं दिली होती. मायलेकरं आपसात दखनी बोलत, पण सिद्धम्मा शेजारी असली की मराठीवर येत, आणि सिद्धम्मा कान लावून शेजारीच बसली होती.

‘‘अम्मी, नीट हाय मी. वेळ थोडा हाय, ऐक. बंदराजवळ एक शाळा हाय, अर्धं छत उडालेलं. चारशे माणसं हायेत तिथं. आमचे डॉक्टरसाहेब गुडघाभर चिखलात उभं राहून पोरांना टाके घालायलेत. हेलिकॉप्टरवाले झाडांवरनं माणसं उतरवून आणायलेत. समद्यांचं काम व्हायलंय, माझंच होईना.’’

‘‘का? भात कच्चा ऱ्हायला?’’ बेगमबीनं विचारलं. किती झालं तरी ती मेसवाली.

‘‘भात झकास झाला. वरण बी. रांग लावली, ताटल्या दिल्या. पण बायाच येईनात. लेकरांना धाडतेत, अन् आपण भिंतीला टेकून बसतेत. अर्धी पातेली वापस यायलीत, अम्मी. कालपासनं हेच. तुमच्या भूकंपात काय केलं होतं फौजेनं? तू जेवलीस कशी?’’

बेगमबी खाली बसली. पंचवीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मदत किती मिळाली ते सगळ्यांनी विचारलं होतं. जेवलीस कशी, हे आज पहिल्यांदा तिच्या पोरानं विचारलं. तिनं विचारलं, ‘‘त्यांच्या घरांत मयतं झालीत का?’’

‘‘समद्यांच्याच.’’

‘‘मग उठव ती रांग,’’ ती म्हणाली, आणि सांगू लागली.

ती सांगत होती तेवढं नबीलला कळलं. पण तिनं जे गाळलं तेही आपल्याला ठाऊक असलेलं बरं, म्हणून सगळंच सांगतो.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात बेगमबी वीस वर्षांची होती आणि नबील पोटात तीन महिन्यांचा. पहाटे मळमळलं म्हणून ती अंगणाच्या कडेला गेली, आणि तेवढ्यात जमीन हलली. दगडमातीचं घर बसलं ते नवरा जिलानी आणि सासू या दोघांना घेऊनच. जिलानी कल्हईवाला होता. त्याची भांडी ढिगाऱ्यातून चकचकीत निघाली, तो मात्र निघाला तो कफनासाठी.

फौज आली. जवानांनी हातांनी दगड उपसले, पावसात उपसले. कुणाची आई, कुणाचं तान्हं बाहेर काढलं, आणि काढलेल्या प्रत्येकाच्या अंगावर आधी कापड घातलं मग पुढे गेले. शहरांतून ट्रक भरभरून पाव आले. गावानं पाव कधी खाल्ला नव्हता असं नाही, पण त्याला कुणी हात लावेना. जवानांना वाटलं, ह्यांना पाव आवडत नाही. मग त्यांच्या लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, रोट्या झाल्या. त्याही पडून राहिल्या. लोक रांगेत येईनात.

त्या लंगराचा मुख्य एक हवालदार होता. डोंगरातला माणूस, पहाडी हिंदी बोलायचा, मिशा पिकायला लागलेल्या. तो सिद्धम्माच्या सासऱ्यांजवळ, मन्मथअप्पांजवळ, जाऊन बसला आणि त्यानं विचारलं, बाबा, हे लोक जेवत का नाहीत? अप्पांनी सांगितलं. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. हिंदू असो, मुसलमान असो, आमच्या गावात हाच रिवाज. शेजारचं घर ताट घेऊन येतं, दुःखाच्या माणसाला दोन घास भरवतं. आपणहून उठून कुणी अन्न मागायला जात नाही, ते बरं दिसत नाही. आता गावात एक घर मयताशिवाय उरलं नाही, तर शेजारी कुठून आणायचा?

हवालदार उठला आणि त्यानं रांग मोडून टाकली. पातेली जवानांच्या हातांत दिली आणि घराघराशी निघाला. घरं नव्हतीच. पण जिथं दार होतं तिथं तो थांबायचा, खाकरायचा, ‘‘बहन, पडोस से आया हूँ,’’ म्हणायचा, आणि मग न उरलेला उंबरा ओलांडून आत जायचा. पहिला घास पोटात जाईपर्यंत समोर उकिडवा बसून राहायचा. बेगमबीसमोर तो असाच बसला होता. तिनं घास घेतला तो त्याच्यासाठी. एवढा मोठा माणूस पावसात भिजत बसलाय, त्याला उठवायचं कसं, म्हणून. पण घेतला. पोटातल्या नबीलला त्या दिवशी जे अन्न मिळालं, ते त्या माणसाच्या हातचं.

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं लंगरची आग माती टाकून विझवली आणि घरटी एक पायली पीठ, तीन दगड आणि कोरडी लाकडं ठेवून दिली. पावसाच्या त्या दिवसांत कोरडी लाकडं त्यानं आणली कुठून, ते देव जाणे.

इथवर बेगमबीनं फोनवर सांगितलं. पुढचं गाळलं ते असं. विझलेली आग पाहून तिच्या डोक्यात तिडीक गेली. फौजेनं आमचं अन्न बंद केलं असा तिचा समज झाला. विधवेनं घरात बसायची इद्दत नाही की पडदा नाही, ती तरातरा त्या हवालदारापुढं गेली, ताटात घेतलेलं पीठ त्याच्या पायांशी फेकलं आणि भर गावासमोर ओरडली, ‘‘बावर्ची हो ना तुम? बावर्ची हो, तो पकाओ!’’ हवालदारानं वाकून पिठाचा वरचा स्वच्छ भाग ओंजळीनं भरला, तिच्या ताटात परत घातला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘हाँ बहन, बावर्ची हूँ. इसी लिए कह रहा हूँ.’’

ती तणतणत परत आली आणि रागारागातच तिनं चूल पेटवली. धूर निघाला. थोड्या वेळानं सिद्धम्मा फुटकं खापर घेऊन विस्तव मागायला आली. तिच्याकडून तिसरी घेऊन गेली. दुपारपर्यंत त्या पडलेल्या गावावर पन्नास ठिकाणी धूर दिसत होता, आणि बाया एकमेकींना मीठ मागत होत्या, भांडत होत्या, भांडता भांडता रडत होत्या. तेव्हा बेगमबीला कळलं. ती धावत लंगराकडे गेली, तर ती तुकडी पुढच्या गावाला निघून गेलेली. त्या माणसाचं नावही तिला कधी कळलं नाही. माफी राहिली ती राहिलीच.

‘‘ऐकतोस ना?’’ ती फोनमधे म्हणाली. ‘‘तीन दिस तू शेजारी. दाराशी घेऊन जायचं, बसायचं, उठायची घाई न्हाई करायची. अन् चौथ्या दिशी चूल विझवायची. पीठ द्यायचं त्यांचं, ते खातेत ते. तुझं न्हाई.’’

‘‘ते मक्याचं पीठ खातेत, अम्मी. पण साहेब ऐकतील का...’’ पाच मिनिटं संपली आणि फोन बंद झाला.

बेगमबी पदरात तोंड घालून बसून राहिली. एका बावर्चीनं मला जगवलं, पोटातलं पोर जगवलं, आणि मी त्याच पोराचं काम लपवत फिरते आहे! आपल्या मनाचा तिला असा संताप आला की तिनं स्वच्छ घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. सिद्धम्मा सगळं पाहत होती. एरवी ती संधी सोडणारी नव्हे, पण त्या दिवशी तिनं नुसती घासायची राख पुढं सरकवली.

त्या फोननंतर चौथ्या दिवशी मोबाइलवर एक फोटो आला आणि नबीलचा आवाज भरलेला निरोप. फोटोत शाळेचं मैदान होतं, दगडांच्या चुलींची ओळ, जागोजाग धूर. मधोमध एक धिप्पाड म्हातारी पातेल्यात हातभर लांब लाकडी उलथणं फिरवत होती, आणि तिच्या पायाशी पांढऱ्या कपड्यांतला नबील मुकाट कांदे सोलत बसला होता.

‘‘साहेब पयल्यांदा न्हाई म्हणले,’’ निरोपात नबील सांगत होता. ‘‘म्हणले, रांग मोडली की गोंधळ होतो, शिस्त ऱ्हात न्हाई. मी म्हणलं, सर, माझ्या अम्मीनं भूकंपात बघितलंय. अन् अम्मी, पयलं पातेलं साहेबांनीच उचललं. कमांडर माणूस, हातात पातेलं, चिखलातून चाललाय. मग कोण मागं ऱ्हाणार? इंजिनवाले, तोफेवाले, समदे निघाले. ज्यांना त्यांची भाषा येत न्हाई ते नुसते समोर बसले. बाया जेवल्या. आज चौथा दिस. चूल विझवली, त्यांच्या सरकारचं मक्याचं पीठ आमच्या पोरांनी पाठीवर वाहून आणलं. बराच वेळ कुणी हललं न्हाई. मग मीच घाटायला लागलो, तर ही म्हातारी उठली, माझ्या हातावर चापट मारली, अन् उलथणं हिसकून घेतलं. मला घाटता येत न्हाई म्हणती! समद्या बाया हसल्या, अम्मी. हसल्या.’’

बेगमबीनं तो निरोप सहा वेळा ऐकला. मग बोटानं एकेक अक्षर शोधत एवढंच लिहून पाठवलं: ‘‘ये.’’

सिद्धम्मानं डोकावून पाहिलं. ‘‘ये, म्हणजे कसा ये? काय म्हणून ये?’’

‘‘येऊ दे तर आधी,’’ बेगमबी म्हणाली. पण अख्ख्या गल्लीला सांगितलेलं खोटं गिळणं सोपं नसतं. त्या महिन्यात दोनदा ती पोरांसमोर तोंड उघडायला गेली, आणि दोन्ही वेळा ‘मीठ कमी नाही ना?’ एवढंच विचारून परत फिरली.

ईद होऊन गेल्यावर, जूनच्या मध्याला, नबीलचा फोन आला. रजा मिळाली होती, उद्या दुपारी लातुरात पोचत होता. ‘‘मी दारापर्यंत येतो, अम्मी,’’ तो म्हणाला. ‘‘आत यायचं का नाही, ते तू ठरव.’’

दुसऱ्या दिवशी पोरं जेवायला आली आणि पाहतात तो काय, ताटं मांडलेली, ताटांत काही नाही. आत भाजी चिरून ठेवलेली, डाळ भिजत घातलेली, पीठ परातीत. पण गॅसच्या भट्ट्या बंद आणि मागच्या चुलीवर राख. पोरं कुरकुरली. कुणी म्हणालं, बेगमबी खालाची तब्येत बिघडली. कुणी म्हणालं, सिलिंडर संपलं. सिद्धम्मा भिंतीला टेकून हाताची घडी घालून बसली होती. आज तिच्या चेहऱ्यावर घरात लग्न असावं तशी खुशी होती.

एवढ्यात दारात नबील उभा राहिला. खांद्यावर पिशवी, उन्हानं रापलेला. त्यानं उंबरा ओलांडला नाही. तिथंच थांबला आणि जरासा खाकरला.

ते खाकरणं ऐकताच ती उठून मधोमध आली.

‘‘पोरांनो, ऐका,’’ ती म्हणाली. आवाज मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढा मोठा होता. ‘‘यो माझा नबील. डॉक्टर न्हाई. मी खोटं बोलले तुमच्याशी, तुमच्या मायबापांशी बी. जहाजावर बावर्ची हाय यो. लोकांची घरं वादळानं नेली, तिथं यानं त्यांना जेवू घातलं, अन् त्यांच्या चुली पेटवून आला. आज माझी चूल मी विझवलीय. आज तुम्हाला यो जेवू घालील. ज्याला थांबायचं त्यानं थांबावं.’’

पुन्हा परीक्षेच्या तयारीला बसलेली अंबिका आपलं ताट उचलून म्हणाली, ‘‘दादा, मी थांबते. पण लई उशीर करू नका, तीनला क्लास हाय.’’ पोरं हसली आणि सैलावून बसली. एकही उठलं नाही.

नबीलनं चपला काढल्या. उंबरा ओलांडून आत आला, आईच्या पायांना हात लावला आणि बाह्या सारून थेट चुलीशी गेला. पंधरा मिनिटांत त्या घराचं जहाज झालं. दोन पोरं लाकडं आणतायत, अंबिका कोथिंबीर निवडतेय, मुरुडचा एक लाजरा पोरगा डाळ घोटतोय, आणि नबील सगळ्यांवर हसत हसत हुकूम सोडतोय. सिद्धम्मानं भाकरी थापायला हात पुढं केला, तर त्यानं तिलाही बसवून ठेवलं.

बेगमबीला मात्र बसवेना. फोडणीचा वास आला तशी ती उठलीच. ‘‘अरे, मोहरी आधी, मोहरी आधी! अन् चिंच कुठं घातलीस? पोरांना आंबट लागतंय थोडं. सरक, मला दे पळी.’’

नबीलनं पळी मागं धरली. तिच्या खांद्याला धरून तिला रांगेत नेलं, अंबिकाशेजारी बसवलं आणि तिच्यापुढं ताट ठेवलं. ती पुन्हा उठायला लागली, तसा तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘‘अम्मी, बावर्ची हाय मी. म्हणून तर सांगायलोय. तू बस.’’

बेगमबी त्याच्याकडे पाहतच राहिली. ते शब्द तिनं त्याला सांगितलेले नव्हते. जन्मात कुणालाच सांगितलेले नव्हते.

‘‘काय झालं?’’ नबील घाबरला. ‘‘चुकलं का काही?’’

‘‘न्हाई,’’ ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि ती पुसत नव्हती. ‘‘माझं चुकलं होतं. लई वर्सांमागं. एका माणसाची माफी मागायची ऱ्हायली होती.’’

नबीलला काही उमजलं नाही. सिद्धम्माला उमजलं, तिनं तोंड पदरानं झाकलं. नबीलनं गरम भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि आईच्या हातात दिला. तिनं घास घेतला. तो गिळून होईपर्यंत नबील तिच्यासमोर तसाच बसून राहिला, आणि मग पोरांना वाढायला उठला.